खंडेनवमीला झोपवलेला लेझर

अक्का, तू गेल्यापासून घरात तुझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं जातंय, की मला वाटतं मी दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी सांत्वनाला येऊन बसलेय. माणसं येतात, चपला काढतात, सतरंजीवर टेकतात, घोटभर पाणी पितात आणि म्हणतात, देवमाणूस होत्या हो. दाजी मान हलवतात. बायकोनं पावण्यांदेखत भाजीची पिशवी परत हातात देऊन 'वांगी जून हायत, बदलून आणा' म्हणून ज्यांना बाजारात पिटाळलं, त्या दाजींनी देवमाणूस या शब्दावर मान हलवावी, याला काय म्हणायचं ते तूच सांग. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तू जित्या माणसांबद्दल कधी चांगलं बोलली नाहीस, तेव्हा आपलं फिट्टंफाट झालं असं मी धरते.

मला तू आवडायचीस का, हे आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. तू मोठी, मी शेंडेफळ, निवडायची सोयच नव्हती. सकाळी उठून फोन हातात घेते, तुझी शिवी आलेली नसते, आणि मी फोन तसाच धरून बसून राहते. याचाच मला राग येतो. इतकं वाईट वाटावं एवढी गोड तू कधीच नव्हतीस.

मी तेव्हा कागलच्या एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवत होते. तू एका दिवाळीत फराळाचा डबा न देता फक्त निरोप दिलास, की कॉलेज सोड आणि कारखान्यात ये. विनंती वगैरे तुझ्या तोंडात बसायची नाही. मी आले. गोकुळ शिरगावच्या त्या वसाहतीत चहूबाजूंनी लेथचा आणि ओतकामाचा आवाज, काळी वाळू, तेलकट हात. आपल्या वडलांची, आबांची फाउंड्रीही त्यातलीच. आणि तिच्या मागच्या अंगाला तू काढलेली ती पांढरी, थंडगार खोली, जिच्यात तुझा अतिनील लेझर बसलेला. चपला बाहेर, पावडर लावून यायचं नाही, आत मोठ्यानं खोकायचंसुद्धा नाही. देवघरात तू एवढी शिस्त पाळली नाहीस.

काम काय, तर तान्ह्या बाळांच्या शिरेत घालायच्या नळ्यांना बाजूनं भोकं पाडायची. नळी शेवईहून बारीक, भोक केसाहून बारीक. भोकाची कड जरा खरबरीत राहिली की तिथं रक्त गोठायला सुरुवात. साधा लेझर असल्या प्लॅस्टिकला वितळवतो, कडा काळ्या करून ठेवतो. अतिनील किरण भाजत बसत नाही. तो जिथं पडतो तिथल्या कणांची एकमेकांतली बांधणीच तोडतो, तेवढा भाग उडून जातो आणि शेजारच्या भागाला झळसुद्धा लागत नाही. डोळ्याला किरण दिसत नाही. पांढऱ्या कागदावर पडला की निळसर ठिपका तेवढा उमटतो. तू गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगायचीस, बाकीचे लेझर भाजत्यात, ह्यो नुसता काढून टाकतो. तुझी माणसं काढायची पद्धतही तीच होती.

पहिल्या दिवशी तू माझ्या कानामागचा एक केस उपटलास, काचेच्या पट्टीवर ताणून बसवलास आणि म्हणालीस, ह्याला मधोमध भोक पाड. केस तुटला, वाकडा झाला, कडेला काप गेला, तर पुढचा केसही माझाच. नव्या माणसाला शिकवायची ही तुझी रीत. यंत्राच्या पुस्तकात ती नाही आणि कुठल्याही सुसंस्कृत देशात ती चालणार नाही. मी रोज घरी जाताना कानामागे हात लावून बघायची. संक्रांतीला आईनं विचारलं, तुला चाई लागली काय गं? आईला काय सांगणार, की तुझी थोरली मुलगी धाकटीला जिवंतपणी सोलतेय.

मग एकदा जमलं. केस अखंड, मधोमध गोल भोक, कड स्वच्छ. तू सूक्ष्मदर्शकावर वाकलीस ती बराच वेळ वर आली नाहीस. मला वाटलं चूक शोधतेस. शेवटी उठलीस आणि म्हणालीस, "बरं हाय. आता डोसक्याला त्याल लाव." बस, एवढंच. त्या वाक्यावर मी किती दिवस तरंगत होते, हे तुला मी कधी सांगितलं नाही. आज सांगते. मला आयुष्यात कुणी काही नीट शिकवलं असेल तर ते तू, आणि त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे. हे वाचून तू नाक मुरडली असतीस, तर मुरड.

पण लेझरपुढच्या त्या खुर्चीत माझ्या आधी सुजाता बसायची. ती आजऱ्याची, बी.एस्सी. फिजिक्स, तूच मुलाखत घेऊन निवडलेली, तूच केस उपटून शिकवलेली. एका केसाला ती माळेसारखी ओळीनं भोकं पाडायची असं जुने कामगार अजून सांगतात. तिला आपली हुशारी ठाऊक होती आणि ती लपवायची तिला हौस नव्हती. 'अक्का, हे चुकलंय' असं तुझ्या तोंडावर म्हणणारी कारखान्यात ती एकटी. तुला ती फार आवडायची. हे तूच मला एकदा सांगितलंस, आणि लगेच म्हणालीस की मशीन तिनंच मारलं.

तुझी गोष्ट अशी होती. लेझरच्या पोटात एक स्फटिक असतो, मूळ किरण त्यातून जाताना अतिनील होतो. हा स्फटिक पावसाळ्यातल्या मिठासारखा हवेतलं पाणी ओढतो. म्हणून त्याला एका लहानशा ओव्हनमध्ये सतत ऊबेत ठेवायचं. मशीन चालो न चालो, दिवाळी असो की दसरा, ओव्हन बंद करायचा नाही. वीज गेली तर बॅटरीवर चालला पाहिजे. सुजाता दसऱ्याला आईवडलांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीला जायची, तशी त्या वर्षीही खंडेनवमीच्या आधी गेली. तू सांगितलंस, जाताना ती सगळं बंद करून गेली. दसरा झाल्यावर मशीन लावलं तर किरण अशक्त आणि वाकडा, भोकं लंबगोल, कडांना चिंध्या. बंगळूरहून इंजिनिअर आला, त्यानं यंत्राचं डोकं उघडून पाहिलं आणि म्हणाला, स्फटिक ओल खाऊन गेला, कुणीतरी ओव्हन बंद केलाय. लेझरचं डोकं दुरुस्तीला परदेशी गेलं, खोलीला कुलूप लागलं आणि नळ्यांचं काम तेवढ्यापुरतं दुसरीकडे गेलं; डोकं नीट होऊन आलं तेव्हाच ते परत आलं.

सुजाता नागपूरहून परत आली त्या सकाळी तू तिला फाटकातच उभी केलीस. सगळी पाळी आत जात होती. तिच्याकडून खोलीची किल्ली काढून घेतलीस. ती म्हणाली, मी चालू ठेवून गेलतो, तुम्हाला सांगून गेलतो. तू तिच्याकडे पाठ फिरवलीस. कामगारांकडे वळून म्हणालीस, आपल्या पूजेचं हिला काय सोयरसुतक. ती बौद्ध, खंडेनवमीला नसते, म्हणजे तिनंच केलं असणार. आपल्या लोकांना पटायला तेवढं पुरतं, अक्का, आणि ते तुला चांगलं माहीत होतं. पुढे ती जिथं जिथं अर्ज करायची तिथून तुला फोन यायचा, आणि तू न चुकता तेच सांगायचीस. असल्या लेझरवर काम करणारी ठिकाणं आपल्या भागात किती, बोटावर मोजण्याइतकी. ती आजऱ्याला परत गेली. काजूच्या कारखान्यात बसून ती आता अख्खा काजू एकीकडे आणि पाकळी एकीकडे करते.

मी हे सगळं खरं धरून चालले होते. मग माझी पहिली खंडेनवमी आली. आबा त्याच पावसाळ्यात गेलेले. लेथ, भट्टी, ग्राइंडर, सगळं पुसून, झेंडूच्या माळा घालून झोपवलेलं. हत्याराला त्या दिवशी विश्रांती, दसऱ्याचं सोनं वाटेपर्यंत हात लावायचा नाही, ही आबांची रीत. मी आपली भाबडेपणानं पॅनेलकडे गेले. वाटलं, ओव्हन सोडून बाकीचं मशीन तूच आता बंद करायला सांगशील, आपण आधीच करावं. तू हातातलं तबक तसंच धरून आलीस आणि माझ्या मनगटावर फटका मारलास.

"त्याला हात लावू नगंस. गेल साली मी लावला त्ये बास."

बोलून गेलीस आणि लेझरच्या कपाळावर कुंकू लावायला लागलीस, जसं काही हवापाण्याचं बोलली होतीस. मी तुझा पदर धरला. तेव्हा कुठं तू सांगितलंस, आणि तेही आरतीचं ताट तयार करता करता. आदल्या वर्षी आरती सुरू झाली, आणि आबांना खोलीतून गुरगुर ऐकू आली. लेझर थंड ठेवणाऱ्या यंत्राची होती ती. आबा म्हणाले, समदी हत्यारं झोपली, ही एकच का जागी हाय, बंद कर. तू मेन खाली ओढलास. तर बॅटरी किंचाळायला लागली. आरतीत व्यत्यय नको म्हणून तू बॅटरीही बंद केलीस, आणि पुन्हा चालू करायचं धाडस दसऱ्याचं सोनं वाटून आबा घरी जाईपर्यंत झालं नाही. ऐन नवरात्रातली ओली हवा, स्फटिक सगळा वेळ ती पीत राहिला.

सगळी औद्योगिक वसाहत जिला टरकायची, ती तू आबांना 'हे बंद करता येत नाही' एवढं म्हणू शकली नाहीस. हे मला समजतं. आबांपुढं मी पण शेळी व्हायची. त्यासाठी मी तुला केव्हाच माफ केलं असतं. पण आबांच्या धाकाची किंमत तू त्या पोरीकडून घेतलीस, तीही भर फाटकात.

त्या दिवसापासून आपलं भांडण लागलं ते संपलंच नाही. तू सुजाताला बोलाव आणि सांग, एवढंच माझं म्हणणं. गाडीत, जेवताना, तुझ्या स्वयंपाकघरात. मी विषय काढला की तू मिक्सर लावायचीस. घरात खोबरं संपलं तर रिकामा मिक्सर फिरवायचीस. एकदा मात्र मिक्सर न लावता बोललीस, आणि ते वाक्य मला विसरता येत नाही.

"मालकिणीनं चूक केली म्हटलं की गिऱ्हाईक मालकिणीकडं बघतंय. कामगारानं केली म्हटलं की मालकीण कामगार बदलती आणि गिऱ्हाईक हाय तिथंच ऱ्हातंय. तुला धंदा काय कळतोय."

खरं आहे, मला धंदा कळत नाही. मी आजऱ्याला सुजाताकडे गेले. सगळं सांगितलं, वर म्हणाले, मी वसाहतीत प्रत्येकाला सांगते, गिऱ्हाइकांना फोन करते. तिनं चहा दिला. तिचं म्हणणं साधं होतं. मी बंद केलं नव्हतं हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, त्यात तुम्ही नवीन काय सांगता. अक्कानं फाटकात सगळ्यांसमोर माझी किल्ली घेतली, तर अक्कानंच सगळ्यांसमोर सांगावं. तुम्ही तिच्या वाटचं बोलू नका. मी परत येऊन तुला तिचा निरोप जसाच्या तसा दिला. तू म्हणालीस, लई शानी हाय. त्यात मला कौतुकही ऐकू आलं, आणि त्यामुळे तुझी आणखीच चीड आली.

मग तुझं दुखणं निघालं. दवाखान्यातही तू सुधारली नाहीस. नर्स सलाइनची नळी घालायला आली तर ती नळी प्रकाशात धरून तिला विचारलंस, हिची कड कुणी काढली, आंधळ्यानं? मला भिंग आणायला लावलंस. नर्स माझ्याकडे बघून हसली, तिला वाटलं म्हातारपणाचा चळ आहे. मी हसले नाही, कारण भिंगातून मी पण पाहिलं आणि कड खरोखर वाईट होती.

डॉक्टरांनी दाजींना बाहेर बोलावून सांगितलं त्या दुपारी मी तुझ्या उशाशी बसले आणि सुजाताचा नंबर लावला. आता तरी सांग, म्हणाले. चार शब्द. फाटकात जाऊन नको, फोनवर सांग, मी ती पाळी तिथं गोळा करते, स्पीकरवर ऐकवते. फोन वाजत होता. तू तो माझ्या हातातून घेतलास आणि गादीवर पालथा घातलास. पलीकडून हॅलो, हॅलो ऐकू येत होतं.

"मी मेलो की तू सांग सगळ्यास्नी. तवा मला ऐकाय लागायचं न्हाय."

इतकी वर्षं तू धंद्याचं, गिऱ्हाइकाचं, वसाहतीचं कारण दिलंस, आणि खरं कारण एवढंसं निघालं. तुला ऐकायचं नव्हतं. तुला लाज वाटत होती, अक्का, तुला, आणि तू ती कुणाला दिसू दिली नाहीस. मी तुझा हात धरला नाही. खिडकीशी जाऊन उभी राहिले, आणि तुझ्याविषयी इतकी माया आणि इतका तिरस्कार एकाच वेळी मला त्याआधी कधी वाटला नव्हता. त्यानंतर तू माझ्याशी एकच बोललीस. विचारलंस, ओव्हन चालू हाय न्हवं. मी हो म्हणाले.

काल कारखान्यात तुझी शोकसभा झाली. लेथ बाजूला सारून प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, तुझा फोटो, हार, समई. मी सुजाताला बोलावलं होतं, येईल असं वाटलं नव्हतं. ती एसटीनं आली आणि मागच्या रांगेत बसली. कुणी तिला ओळखलं, कुणी ओळखून दुसरीकडे पाहिलं. भाषणं सुरू झाली. तू कशी कष्टाळू, कशी कनवाळू, एकानं तर तुला मृदुभाषी म्हटलं. मला वाटलं आता फोटो खाली पडतो. मग शेजारच्या कारखान्याचे मालक उठले. ते म्हणाले, एका कामगाराच्या निष्काळजीपणानं लाखमोलाचं यंत्र बंद पडलं, तरी अक्का खचल्या नाहीत, त्यांनी त्या मुलीविरुद्ध पोलिसांत तक्रारसुद्धा केली नाही, हा त्यांचा मोठेपणा.

मी उठले. माझं नाव भाषणांच्या यादीत नव्हतंच. मी म्हणाले, यंत्र सुजातानं बंद केलं नव्हतं. ती चालू ठेवून आणि बजावून गेली होती. खंडेनवमीला आबांच्या सांगण्यावरून अक्कानं स्वतःच्या हातानं ते बंद केलं, बॅटरीसकट, आणि आळ सुजातावर घातला. अक्कानं हे मला स्वतः सांगितलंय आणि मेल्यावर सगळ्यांना सांगायची परवानगीही दिलीय. माइकवाल्यानं मध्येच माइक बंद केला. पण ज्युनिअर कॉलेजात भरल्या वर्गावर ओरडून माझा घसा तयार झालेला आहे, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचले. दाजी खाली बघत राहिले. शेजारच्या मालकांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. कुणीतरी घाईघाईनं म्हणालं, आता दोन मिनिटं शांत उभं राहूया, आणि सगळे सुटल्यासारखे उभे राहिले.

माणसं पांगल्यावर मी सुजाताला फाटकाशी गाठलं. ती गाडीची वेळ बघत होती. मी म्हणाले, परत ये, ती खुर्ची तुझी आहे, मी बाजूला होते. ती म्हणाली, कामाचं मागनं बघू. मग ती फाटकाच्या गजाला धरून उभी राहिली. माझी अपेक्षा होती, ती रडेल, नाहीतर तुला शिव्या घालेल. मी दोन्हीला तयार होते, शिव्या घातल्या असत्या तर मीही चार घातल्या असत्या.

"मला वाटलं हुतं, ह्ये समद्यांनी ऐकलं की बरं वाटंल," ती म्हणाली. "न्हाय वाटलं, ताई. अक्का जित्ती पायजे हुती."

तुझा श्वास थांबला तेव्हा दाजी म्हणाले, सुटली. आई म्हणाली, सुटली माझी लेक. मीसुद्धा तुझे डोळे मिटवताना तेच म्हणाले, आणि घरी येऊन गेलेल्या प्रत्येक माणसानं दारातच तो शब्द उच्चारला. तू अजून जगायला हवी होतीस असं मनापासून वाटणारी एवढ्या माणसांत ती एकटीच निघाली, अक्का.